स्वयंचलित चाचणी आणि मध्येच उघडणारी चौकट

संकेतस्थळ वापरताना मध्येच एक लहानशी चौकट उघडते आणि तिला उत्तर दिल्यावाचून पुढील काम होत नाही, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. माणूस ती वाचतो आणि कळ दाबतो. परंतु चाचणी जेव्हा माणसाऐवजी सेलेनियमसारखी प्रणाली करते, तेव्हा हीच चौकट मोठी अडचण होऊन बसते. कारण ती पृष्ठाचा भाग नसते. ब्राउझर ती स्वतः उभी करतो. पृष्ठातील घटक शोधणाऱ्या आज्ञेस ती सापडत नाही. म्हणून चाचणीचा रोख प्रथम चौकटीकडे वळवावा लागतो. मगच तिचा मजकूर वाचणे, ती स्वीकारणे वा नाकारणे शक्य होते.

जावास्क्रिप्टमधील या चौकटींत भाषेच्या अभ्यासकास ओळखीची वाक्यरूपे दिसतात. ‘अलर्ट’ हे विधान होय, ‘कन्फर्म’ हा ‘का’ने संपणारा होय-नाहीचा प्रश्न, ‘प्रॉम्प्ट’ हा ‘कोण’, ‘काय’ यांच्या जातीचा. प्रॉम्प्टला काही न लिहिता होकार दिल्यास रिकामी अक्षरमाला मिळते, नकार दिल्यास ‘नल’. शून्य प्रत्यय आणि प्रत्ययाचा अभाव यांतील भेद शिकवून दमलेल्या आम्हांस हे उदाहरण आयतेच लाभले!

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने जून २०१८ मध्ये संमत केलेल्या वेबड्रायव्हर प्रमाणकानुसार, अनपेक्षित चौकट आढळल्यास ती नाकारून त्रुटी कळवावयाची, हा मूळ संकेत आहे. तो बदलून सर्व चौकटी निमूटपणे स्वीकाराव्यात, असेही सांगता येते. येथेच आमची फसगत झाली. एका बोली-शब्दसंग्रहाच्या चाचणीत आम्ही ही सोय पत्करली आणि चाचणी दरवेळी यशस्वी ठरू लागली. पुढे ध्यानात आले की, ‘नोंद जतन करावयाची का?’ या प्रश्नाच्या जागी ‘नोंद काढून टाकावयाची का?’ असा प्रश्न येत होता आणि चाचणी त्यालाही होकार देत होती. नोंदी नमुन्याच्या होत्या म्हणून निभावले. आता आधी मजकूर ताडून पाहावयाचा आणि मगच उत्तर द्यावयाचे, असा क्रम आम्ही ठेवला आहे.

चौकट कधी विलंबाने उघडते. अशा वेळी ठरावीक सेकंद थांबण्यापेक्षा ती प्रकट होईतो, परंतु एका कमाल मर्यादेतच, वाट पाहावी. आणि पृष्ठातच रेखाटलेली, केवळ दिसावयास तशी असणारी चौकट मात्र या वर्गातली नव्हे. तिच्यातील कळ इतर घटकांप्रमाणेच शोधून दाबावयाची असते.