राखेचा बांध फुटण्याआधी

खापरखेडा आणि शेजारच्या कोराडी येथील महानिर्मितीच्या औष्णिक वीज केंद्रांत जाळल्या जाणाऱ्या देशी कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. त्यापैकी सिमेंट, विटा वा भरावासाठी उचलली न जाणारी राख पाण्यात कालवून नळांवाटे विस्तीर्ण तळ्यांत सोडली जाते, आणि भोवती मातीचे बांध घातलेल्या अशा तळ्याला राख बंधारा म्हणतात. १६ जुलै २०२२ रोजी, अतिवृष्टीच्या दिवसांत, कोराडी केंद्राचा खसाळा येथील राख बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील शेतांत व वस्त्यांत शिरले.

राखेचे कण बारीक, हलके आणि बहुतांशी गोल असून त्यांत चिकणमातीसारखा चिवटपणा नसतो, त्यामुळे कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की वरून घट्ट भासणारा साठा हादऱ्याने किंवा बांध खचल्याने एकाएकी द्रवासारखा वाहू लागतो. यासाठी पाऊसच लागतो असे नाही: मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळील सासन येथील बंधारा १० एप्रिल २०२० रोजी, ऐन उन्हाळ्यात फुटला आणि त्यात सहा जणांचा बळी गेला.

मात्र बांध बहुधा आधी खुणा दाखवतो, आणि त्या ओळखायला अभियंताच हवा असे मुळीच नाही. बांधाच्या पायथ्याशी नितळ पाणी झिरपणे एका मर्यादेपर्यंत स्वाभाविक असते. तेच पाणी गढूळ वा राखाडी येऊ लागले, तर आतील कण वाहून जाऊन बांधात पोकळ नळी तयार होत आहे, असे समजावे. उतारावर नव्याने दिसणारा ओलावा, माथ्यावरील लांबट भेग आणि काठोकाठ चढलेले पाणी याही तशाच खुणा होत. बांधालगत रोज गुरे चारणाऱ्यांना आणि शेतावर जाणाऱ्यांना त्या सर्वांत आधी दिसतात, तरीही जनजागृतीच्या कार्यक्रमांत त्यांना केवळ श्रोते मानले जाते, हे खेदजनक आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा आराखडा करणे बंधनकारक आहे. गढूळ पाझर दिसताच कोणाला कळवायचे, भोंगा कोण वाजवणार आणि रात्री कोणत्या उंचवट्याकडे जायचे, हे त्या आराखड्यात गावनिहाय लिहिलेले व पावसाळ्यापूर्वी रंगीत तालमीतून तपासलेले असले पाहिजे. राख ओसरल्यावरही विहिरींचे पाणी तपासणीशिवाय पिऊ नये, आणि शेतातील थर वाळून वाऱ्यावर उडण्यापूर्वी, ओला असतानाच उचलावा.