दोन ट्रेंच्या मधला ट्रे

डार्करूममध्ये डेव्हलपर कुठला वापरावा यावर चर्चा रंगतात, कागदावरून मित्रांमध्ये वाद होतात. मधल्या ट्रेतला स्टॉप बाथ मात्र हाताशी येईल त्या बाटलीतून ओतून उरकला जातो. कृष्णधवल प्रिंट वर्षानुवर्षं टिकावी असं वाटत असेल, तर ही निवडही विचारपूर्वक करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

डेव्हलपर अल्कधर्मी असतो. त्यातलं मेटॉल आणि हायड्रोक्विनोन अल्कातच जोमानं काम करतात. प्रिंट चिमट्यानं उचलून निथळली, तरी जिलेटिनच्या थरात मुरलेल्या डेव्हलपरचं काम चालूच राहतं. सौम्य आम्लात पडताच तिचा सामू झपाट्यानं उतरतो आणि काही सेकंदांत ते थांबतं. पण माझ्या लेखी स्टॉप बाथचं मोठं काम पुढच्या ट्रेसाठी आहे. नेहमीचा हायपो किंवा रॅपिड फिक्सर आम्लधर्मी असतो. प्रत्येक प्रिंटबरोबर त्यात थोडा डेव्हलपर जात राहिला, तर फिक्सर हळूहळू मरतो. तुरटीचं हार्डनर असेल तर पांढरा गाळ धरतो, आणि प्रिंटवर डाग पडायची भीती वाढते.

जुना, सर्वमान्य पर्याय म्हणजे ॲसेटिक ॲसिड. कोडॅकच्या एसबी-1 या सूत्रात एक लिटर पाण्याला 28 टक्क्यांचं ॲसेटिक ॲसिड 48 मिली घ्यायचं असतं. ते 28 टक्के करायला तीन भाग ग्लेशियल ॲसिड आठ भाग पाण्यात घालतात. आधी पाणी, मग ॲसिड. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. ग्लेशियल ॲसिड त्वचा भाजतं, त्याची वाफ डोळ्यांत आणि घशात जाते. शिवाय ते साधारण 16.6 अंशांना गोठतं, त्यामुळे नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळी बाटलीत खडा झालेला दिसू शकतो. घरच्या बंद बाथरूममध्ये डार्करूम थाटणाऱ्यानं ते आणूच नये.

पांढरं व्हिनेगर तुलनेनं सुरक्षित. 4 टक्क्यांचं असेल तर एका भागाला तीन भाग पाणी घातलं की एक टक्क्याचा स्टॉप बाथ तयार होतो. वास मात्र येतोच.

म्हणून माझी पसंती सायट्रिक ॲसिडला. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं तेच. लिटरमागे 15 ग्रॅम पुरतं, वास जवळजवळ नाही, आणि कोरडी पूड कितीही दिवस टिकते. इल्फर्डच्या इल्फोस्टॉपमध्येही सायट्रिक ॲसिडच असतं. तयार द्रावण साठवलं तर त्यावर बुरशी येते, तेव्हा काम संपलं की ओतून द्यावं.

विकतच्या बऱ्याच स्टॉप बाथमध्ये ब्रोमोक्रेसॉल पर्पल हे दर्शक असतं. आम्ल शाबूत असेपर्यंत द्रावण पिवळं, संपत आलं की जांभळं. सेफलाइटच्या लालसर उजेडात हे रंग ओळखू येत नाहीत; पिवळं पाण्यासारखं नितळ दिसतं आणि जांभळं गडद. ट्रेचा पांढरा तळ काळपट दिसू लागला की द्रावण बदलायचं.

नुसतं पाणी चालेल का? फिक्सर अल्कधर्मी असेल, तर पाणीच योग्य. टीएफ-4 सारख्या फिक्सरसाठी आम्लाचा स्टॉप बाथ टाळायला सांगतात. एरवी पाणी सतत बदलत राहावं लागतं, आणि तोवर डेव्हलपिंग रेंगाळतं.

कागदानुसार वेळही बदलतो. आरसी कागदाला प्लास्टिकचं अस्तर असतं, त्याला दहा सेकंद पुरतात. फायबर कागद द्रावण शोषतो, त्याला ट्रे हलवत तीस सेकंद द्यावेत. मिनिटामागून मिनिटं आम्लात ठेवू नये, कारण तंतूंत शिरलेलं आम्ल धुऊन काढणं जिकिरीचं होतं. आम्ल जास्त तीव्र केल्यानंही फायदा होत नाही. डेव्हलपरमधल्या कार्बोनेटशी गाठ पडून वायूचे बुडबुडे सुटतात आणि थराला इजा होऊ शकते.

लिथ प्रिंटिंग करणाऱ्यांना मात्र ताज्या आम्लाशिवाय गत्यंतर नाही. तिथे काळा रंग सुरुवातीला सावकाश चढतो आणि शेवटी बघता बघता पसरतो. सावल्या हव्या तेवढ्या भरल्या की त्याच क्षणी प्रिंट ओढून काढायची असते. पाच सेकंद उशीर झाला तरी चेहऱ्याची गडद बाजू बुजून जाते. अशा दिवशी मी प्रिंट निथळायलाही थांबत नाही. ती सरळ आम्लात टाकते आणि स्टॉप बाथ नेहमीपेक्षा लवकर बदलते.