नाड्या सोडायच्या नाहीत

पहाटे साडेपाचला डेटनच्या एका उपनगरात, एका बैठ्या घरासमोरच्या फुटपाथवर आम्ही अकरा जण उभे होतो. ओहायोतला ऑक्टोबर, हातमोज्यांतही बोटं बधिर झालेली. दार नऊला उघडणार होतं, पण आत जाण्याचे नंबर सातला वाटणार होते. पहिल्या पाचांत नंबर लागला नाही तर घरी जाऊन झोपलेलं बरं, असं मला तिथे घेऊन आलेले गृहस्थ म्हणाले. ते स्वतः चारपासून गाडीत बसून होते.

घरातलं शेवटचं माणूस गेलं, मुलं दूरच्या राज्यांत, घर विकायचं आहे. अशा वेळी इथे एक कंपनी बोलावतात. तिची माणसं चमच्यापासून पियानोपर्यंत प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी चिकटवतात आणि दोन-तीन दिवस घराचं दार लोकांसाठी उघडतात. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत, शेवटच्या दिवशी निम्मी. याला इस्टेट सेल म्हणतात. आपल्याकडे जुने कपडे बोहारणीकडे जातात, कागद रद्दीवाल्याकडे, उरलेलं भंगारात. पण परका माणूस आईच्या कपाटाचा खण उघडून बघत नाही. इतकी वर्षं इथे राहूनही अशा घरात शिरताना मला चपला बाहेर काढाव्याशा वाटतात.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘इथल्या माणसांचे छंद’ असा विषय दिला, म्हणून मी या गृहस्थांना गाठलं. वय सत्तरीच्या पुढे. हवाई दलात ते वैमानिक नव्हते. वैमानिकांचं सामान सांभाळणं हे त्यांचं काम होतं: हेल्मेट, ऑक्सिजनचा मास्क, पॅराशूट, जी-सूट. उड्डाणाआधी प्रत्येक नळी, प्रत्येक बक्कल तपासायचं, वैमानिकाच्या अंगावर चढवून बघायचं. निवृत्तीनंतर ते हेच सामान मेलेल्या वैमानिकांच्या घरांतून विकत घेतात. त्यासाठी डेटनसारखी जागा नाही. राइट बंधूंचं हे गाव. इथल्या राइट फील्डवर अमेरिकेच्या वैमानिकांची साधनं दशकानुदशकं घडली, आणि शेजारच्या तळावरून निवृत्त झालेली कितीतरी माणसं इथेच घर करून राहिली. हवाई दलाचं मोठं संग्रहालयही इथेच आहे, विमानं तिथे बघावीत. मला विमानापेक्षा माणसाच्या अंगावरचं बघायचं होतं.

आत गेल्यावर ते दिवाणखान्याकडे वळलेसुद्धा नाहीत. थेट तळघर. बॉयलरच्या मागे एक लोखंडी ट्रंक, तिच्यात हिरव्या कापडी पिशवीत घडी करून ठेवलेली एक विजार. विजार म्हणायची, पण पुढून गुडघे उघडे, मागून बूड उघडं, डाव्या कमरेतून बाहेर आलेली रबरी नळी. कोरियाच्या युद्धात सेबर जेट उडवलेल्या माणसाचा जी-सूट. त्यांनी तो उचलला नाही. आधी झाकणपट्टी बाजूला करून आतल्या नाड्या बघितल्या, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “सोडलेल्या नाहीत.”

हे नाड्यांचं प्रकरण मला पुढच्या आठवड्यात त्यांच्या घरी कळलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

जेट विमान वेगात असताना वळलं, की माणसाचं वजन वाढतं. सहा जीच्या, म्हणजे वजन सहापट करणाऱ्या वळणात सत्तर किलोचा माणूस चारशे वीस किलोचा होतो. त्याचं रक्तही तितकंच जड होतं आणि पायांकडे धावतं. हृदयापासून मेंदू जेमतेम वीतभर-दीड वीत वर, पण तेवढं चढणंही त्या रक्ताला झेपत नाही. आधी रंग जातात, मग नजर कडेकडेने मिटत बोगद्यासारखी होते, मग काळोख, मग शुद्ध हरपते. जी-सूटमध्ये रबराच्या पाच पिशव्या असतात: एक पोटावर, दोन मांड्यांवर, दोन पोटऱ्यांवर. नळी विमानाला जोडलेली. तिथल्या झडपेत एक वजन बसवलेलं असतं. विमान वळलं, की तेही माणसासारखंच जड होतं, खाली दबतं आणि इंजिनातून येणाऱ्या दाबाच्या हवेला वाट करून देतं. पिशव्या फुगतात, पाय आणि पोट आवळतात, रक्त वरच अडतं. ना वीज, ना कुणाचा हुकूम. ज्या जोराने माणूस मरायचा तोच जोर झडप उघडतो. यापेक्षा सुंदर यंत्र मी पाहिलेलं नाही.

कल्पनेचं मूळ टोरांटोतलं. विल्बर फ्रँक्स हे कर्करोगावर काम करणारे संशोधक. गरगर फिरणाऱ्या यंत्रात त्यांच्या काचेच्या नळ्या फुटत, म्हणून त्यांनी त्या पाण्यात बुडवून फिरवल्या आणि त्या टिकल्या. त्यातून पाण्याने भरलेला पहिला सूट आला, १९४२ मध्ये तो लढाईत वापरलाही गेला. अमेरिकनांनी पाण्याच्या जागी हवा घेतली. कोरियावर सेबरच्या वैमानिकांच्या पायांत हे होतं, समोरच्या मिग-१५ वाल्यांकडे सहसा नव्हतं.

पण पिशवी अंगाला घट्ट बसली तरच आवळेल. मांडी, पोटरी, कंबर अशा प्रत्येक ठिकाणी म्हणून बुटासारख्या नाड्या. नवा सूट मिळाला, की तंत्रज्ञ वैमानिकाला उभं करून त्या एकेक ओढत जातो, गाठ मारतो, वरून झाकणपट्टी बसवतो. त्यानंतर वैमानिक रोज फक्त चेन लावतो आणि काढतो. नाड्यांना पुन्हा कुणी हात लावत नाही. सत्तर वर्षांनी ट्रंकेतून निघालेल्या सूटच्या नाड्या बांधलेल्या असतील, तर त्या माणसाचे पाय अजून तिथे आहेत.

राइट फील्डवरच्याच संशोधकांनी १९५० मध्ये चार हजारांहून जास्त वैमानिकांची मापं घेतली. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्यांतली दहा महत्त्वाची मापं निवडली आणि दहाच्या दहा मापांत मध्यम बसणारे किती, ते मोजलं. ४,०६३ जणांत एकही निघाला नाही. सरासरी माणसासाठी कॉकपिट बांधलं, तर ते कुणासाठीच बांधलेलं नसतं, हे तेव्हा उमगलं. नाड्या त्या शोधाच्या आधीपासून हेच सांगत होत्या.

या गृहस्थांनी आपल्या तळघरात सूट टेबलावर पसरला, नळीला सायकलचा हातपंप लावला आणि अगदी हळू तीन-चार दट्टे मारले. रिकाम्या मांड्या उठल्या. उजवी पोटरी भरली, पोट वर आलं. टेबलावर कुणीतरी उताणं पडलं आहे असं वाटून मी मागे सरकले. डावी पोटरी मात्र सपाटच राहिली. त्यांनी पंप काढला. “रबर गेलं. आता याला हवा भरायची नाही.”

रबर जातंच. मास्क चिकट होतो, नंतर कडक होऊन तडकतो, नळ्यांच्या घड्यांवर भेगा पडतात. अंधार, थंडावा आणि घडीत भरलेला टिशू पेपर, याहून जास्त काही करता येत नाही. घड्याळं आणि विमानातल्या तबकड्या वेगळ्या कपाटात असतात, कारण अंधारात आकडे चमकावेत म्हणून त्यांवर रेडियमचा रंग लावत. चमक केव्हाच विझली, पण रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. ही घड्याळं ते कधीही उघडत नाहीत, आणि उघडणाऱ्या पोरांना फोनवर रागावतात.

नकली माल हा दुसरा त्रास. १९३१ पासून १९४३ पर्यंतचं ए-२ हे चामड्याचं जॅकेट सगळ्यांना हवं असतं, त्यातही पाठीवर चित्र आणि मोहिमेगणिक एकेक बॉम्ब रंगवलेलं. मग जुनं साधं जॅकेट घेऊन त्यावर आज चित्र काढणारे निघतात. गृहस्थांनी मला भिंग दिलं. खऱ्या चित्रात रंग आणि चामडं एकत्र तडकलेलं दिसतं. नव्या चित्रात रंग जुन्या भेगेच्या आत उतरलेला असतो.

पण खरी चिंता वेगळी आहे, आणि तिच्यापुढे मला बाकीचं किरकोळ वाटतं. किमतीच्या चिठ्ठ्या लावणारी माणसं सामान वस्तूंनुसार मांडतात. त्या सकाळीही तसंच होतं: सूट तळघरात, हेल्मेट दिवाणखान्याच्या टेबलावर, पदकं दागिन्यांच्या काचपेटीत, उड्डाणांच्या नोंदींचे कागद बुटांच्या खोक्यात, पुस्तकांशेजारी. आम्ही तळघरातून वर येईपर्यंत हेल्मेट दुसऱ्या कुणीतरी घेऊन गेलं होतं. हे गृहस्थ धावत रस्त्यावर गेले, त्या माणसाला जास्त पैसे देऊ केले, तो नाही म्हणाला. कायद्याने त्याचं काही चुकलं नाही. पण एका माणसाचं सामान एकदा फुटलं, की हेल्मेट हे नुसतं हेल्मेट उरतं. पदकांचं तर आणखी वाईट. बऱ्याच ब्रिटिश पदकांच्या कडेवर मालकाचं नाव कोरलेलं असतं, अमेरिकन पदकं बहुतेक कोरी. डबी कागदांपासून सुटली, की ते कुणाचंही पदक असू शकतं. मेडल ऑफ ऑनर विकणं इथे गुन्हा आहे, बाकीची पदकं टेबलावर चमच्यांशेजारी पडलेली मी पाहिली.

सरकारी दप्तरात सगळं असेलच, असं मी म्हणाले. त्यावर ते बराच वेळ गप्प राहिले. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसजवळच्या राष्ट्रीय दप्तरखान्याला आग लागली. सोळा ते अठरा दशलक्ष सैनिकांच्या फायली जळाल्या. त्यांच्या नकला कुठेच नव्हत्या. सप्टेंबर १९४७ ते जानेवारी १९६४ या काळात हवाई दल सोडलेल्यांपैकी, इंग्रजी अक्षरक्रमात ‘हबर्ड’च्या पुढच्या आडनावांच्या सुमारे तीन चतुर्थांश फायली गेल्या. या वैमानिकाचं आडनाव ‘आर’ने सुरू होतं आणि त्याने १९५८ मध्ये नोकरी सोडली. बुटांच्या खोक्यातले ते कागद आम्ही घेतले तेव्हा वर पुस्तकांच्या भावाची चिठ्ठी होती.

म्हणून आता प्रत्येक माणसाची त्यांच्याकडे एक पेटी आहे, आणि पेटीत एक कार्ड. जे मिळालं नाही त्याचीही नोंद कार्डावर असते. या वैमानिकाच्या कार्डावर लिहिलं होतं: हेल्मेट, विक्रीच्या पहिल्या दिवशी गेलं, सव्वानऊ वाजता. त्याच्या जागी फळीवर हेल्मेटएवढी मोकळी जागा ठेवलेली.

सूट गुंडाळण्याआधी त्यांनी शिंप्याची टेप काढली. एक टोक मी धरलं. नाड्या होत्या तशा ठेवून आम्ही मांड्या मोजल्या, मग पोटऱ्या. उजवी पंधरा इंच, डावी साडेचौदा. त्यांनी पुन्हा मोजली. तेवढीच. तंत्रज्ञाच्या हातून नाडी चुकून जास्त ओढली जात नाही, ते म्हणाले, हा पाय बारीकच असणार.

वैमानिकाच्या मुलीचा निरोप त्यांना विक्री करणाऱ्या बाईंमार्फत दहा दिवसांनी आला. तो त्यांनी मला फोनवर वाचून दाखवला आणि मी ऐकत असतानाच कार्डावर पेन्सिलीने उतरवला: डावा पाय मोडला होता, वय अकरा, सफरचंदाच्या झाडावरून पडून.