निर्धूर निखारा

पौष-माघाच्या थंडीत ग्वाल्हेर-इंदूरकडील घरांतून रात्री दारे-खिडक्या लावून शेगडी जवळ घेण्याची चाल जुनीच आहे. लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरतात, म्हणून माणूस दार तरी उघडतो. फुललेल्या निखाऱ्याला धूर नाही, म्हणून तो निर्धोक वाटतो. घात होतो तो येथेच.

हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. शेगडीच्या तळाशी त्याचा कोळशातील कर्बाशी संयोग होऊन कार्बन डायॉक्साइड तयार होतो. परंतु हा वायू वरच्या धगधगत्या कोळशांतून जाताना आणखी कर्ब उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखाऱ्यांवर नाचणारी निळी ज्योत ती याच वायूची. वर प्राणवायू पुरेसा मिळाला तर तो तेथेच जळून जातो. ज्योत मावळून राखेखाली निखारे मंद पेटत राहिले, की न जळताच खोलीत पसरतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने बिलगतो. डोके जड होते, मळमळते. झोपलेल्याला तेवढेही कळत नाही.

अशा माणसाला आधी उघड्या हवेत न्यावे व डॉक्टरांना बोलवावे. कांदा हुंगवीत वेळ दवडू नये. शेगडी निजण्यापूर्वीच अंगणात ठेवावी. नुसती खिडकी किलकिली करणे पुरेसे नव्हे.