कर वारशावर नाही, विक्रीवर आहे

बाप गेला, जमीन नावावर आली की सरकार कर घेणार, ही भीती सांगोल्यात अजून ऐकू येते. असा कर खरंच होता, 1953च्या इस्टेट ड्यूटी कायद्याचा. 1985 साली तो रद्द झाला. आज वारसाने किंवा मृत्युपत्राने जमीन, घर, ठेव, सोनं मिळालं तर मिळताना प्राप्तिकर नाही. पुढे ठेवीचं व्याज आलं, भाडं आलं किंवा प्लॉट विकला, की मात्र आहे.

विक्रीपाशीच लोक फसतात. ‘शेतजमीन विकली तर कर नसतो’ हे अर्धंच खरं. अजनाळे किंवा कोळे अशा दूरच्या गावातली कसती जमीन विकली तर भांडवली नफ्यावर कर नाही. पण सांगोला नगरपरिषदेच्या हद्दीतली आणि हद्दीपासून 2 किलोमीटरच्या आतली जमीन, उभी डाळिंबाची बाग असली तरी, करपात्र ठरते. हे अंतर हवाई मोजतात. रस्त्याने 3 किलोमीटर भरणारं रानही आत येऊ शकतं. मात्र वारशाने फुकट मिळाली म्हणून खरेदी किंमत शून्य धरत नाहीत. वडिलांनी किंवा आजोबांनी ज्या किमतीला घेतली ती धरतात. खरेदी 1 एप्रिल 2001च्या आधीची असेल तर त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो, पण रेडीरेकनरच्या मर्यादेत. अशा करपात्र कसत्या जमिनीच्या नफ्यातून 2 वर्षांत दुसरी शेती घेतली तर सवलतही मिळते. हे सगळं सौदा ठरण्याआधी विचारायचं असतं. आपल्याकडे इसार घेऊन झाल्यावर सीए आठवतो.

पेन्शनरांचा समज वेगळाच. नव्या करप्रणालीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंत, पेन्शन असेल तर प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही, हे बरोबर. पण प्लॉट विकून झालेल्या दीर्घकालीन भांडवली नफ्याला ही सूट लागू नाही. ज्येष्ठांच्या व्याजावर बँक वर्षाला 1 लाखापर्यंत टीडीएस कापत नाही, म्हणून ते व्याज करमुक्त होतं असंही नाही. बायकोच्या नावे ठेव केली तरी पैसा नवऱ्याचा असेल तर व्याज त्याच्याच उत्पन्नात धरतात.

सगळ्यात महागात पडतं ते, ‘नॉमिनी लावलाय, मृत्युपत्र कशाला?’ ‘कालनिर्णय’चे जयंतराव साळगावकर 2013 मध्ये गेले. त्यांच्या गुंतवणुकीवर हक्क नॉमिनीचा की वारसांचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 14 डिसेंबर 2023ला निकाल लागला: नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी पैसा सांभाळतो. वास्तविक मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. साधा कागद, आपली सही आणि आपल्यासमोर दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. त्यात फक्त स्वतःचा हिस्सा लिहिता येतो. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा जन्मतः असलेला वाटा त्यातून उडवता येत नाही.

कोणी म्हणतं, त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून टाकू. कराची अडचण नाही. मुला-मुलीला दिलेल्या घरावर, शेतीवर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कही 200 रुपयेच (नोंदणीचा आणि स्थानिक संस्थेचा खर्च वेगळा). पण मृत्युपत्र मरेपर्यंत बदलता येतं, बक्षीसपत्र नाही. करायचंच असेल तर ‘आम्हाला सांभाळायचं’ ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. तशी अट असेल आणि ती मोडली, तर 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली ते रद्द करून घेता येतं.