डफ, तुणतुणं आणि तीन शाहीर

नरडाण्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की बेटावद मागे पडतं आणि थोड्याच वेळात अमळनेर येतं. खान्देशच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसावर धुळ्यात, अमळनेरात, जळगावात कापडगिरण्या उभ्या राहिल्या. 1946 साली अमळनेरच्या गिरणी कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यात माणसं गेली. त्यांच्यावर पोवाडा झाला, ‘अमळनेरचे अमर हुतात्मे’. तो लिहिणारा ना अमळनेरचा, ना खान्देशचा. तो सांगलीकडच्या वाटेगावचा, राहायला मुंबईच्या झोपडपट्टीत. नाव अण्णाभाऊ साठे.

अण्णाभाऊ ज्या पथकातून गात त्याचं नाव लाल बावटा कलापथक. 1944 साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर या तिघांनी ते उभं केलं. पथक कम्युनिस्ट पक्षाचं, हे नावातच आहे. मला मात्र त्याच्या राजकारणापेक्षा त्यातली माणसं कुठून कुठून आली, याचंच नवल वाटतं. कुणा उस्तादाकडे गंडा बांधून शिकलेले नव्हेत हे. गिरणी, हमाली, मोटारीची साफसफाई अशा कामांतून ते शाहिरीत आले.

अण्णाभाऊंचं पाळण्यातलं नाव तुकाराम भाऊराव साठे, जन्म 1 ऑगस्ट 1920 चा. मातंग समाजात हलगी परंपरेनेच घरात असते. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, हलगीवाचून गावाचं चालत नसे आणि हलगीवाल्याला गावात बसायला जागा नसे. शाळा त्यांच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आली. लहानपणी घरच्यांबरोबर पायी चालत मुंबई गाठली. कोळसा वाहिला, हमाली केली, फेरीवाल्यामागे गाठोडं घेऊन हिंडले, गिरणीत राबले. अक्षरओळख त्यांनी मुंबईत स्वतःच करून घेतली. नात्यातल्या बापू साठ्यांचा तमाशाचा फड होता, तिथे उमेदवारी झाली. पेटी, ढोलकी, बुलबुलतरंग, हाताला येईल ते वाजवायचे. पुढे ‘फकिरा’ लिहून राज्य सरकारचं पारितोषिक मिळवणारा हा माणूस आधी फडातला गडी होता, हे त्यांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्याने विसरू नये. त्यांचं गद्यही कानाने लिहिलेलं आहे.

अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म 1916. आई मुनेरबी ओव्या म्हणायची, आणि मुसलमान घरातल्या या मुलाच्या कानावर मराठी जात्यावरचं गाणं पहिल्यांदा पडलं ते तिच्याच तोंडून. मोटारीवर क्लीनर म्हणून राहिले, बार्शीच्या गिरणीत लागले, संपात पुढे झाले आणि विसापूरच्या तुरुंगात गेले. अण्णाभाऊ लिहायचे आणि अमर शेख ते मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचे, अशी ढोबळ वाटणी सांगितली जाते. ती पुरती खरी नाही. अण्णाभाऊही गायचे, आणि अमर शेखांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह आहेत. पण आवाज म्हटला की नाव निघतं ते अमर शेखांचंच.

पथकाचा सरंजाम एका माणसाच्या खांद्यावर मावेल एवढा. डफ म्हणजे लाकडी कडं आणि एका अंगाला ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. हवा दमट झाली की ते सैल पडतं आणि डफ बद्द वाजतो. मग कार्यक्रमाआधी पालापाचोळा पेटवून डफ शेकायचा, बोटाने टिचकी मारून बघायचं, पुन्हा शेकायचा. तुणतुण्याला तार एकच. पोकळ लाकडी नळकांड्याच्या बुडाला कातडं, त्यातून निघालेली तार बाजूच्या काठीवरच्या खुंटीला बांधलेली. खुंटी पिळून ती शाहिराच्या पट्टीला लावली की काम संपलं. पुढे रात्रभर तेवढा एकच सूर. वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, पण तो थांबला तर शाहीर लगेच बेसूर वाटू लागतो. ढोलकी तमाशातली, टाळ-झांज भजनातली. मागे उभे झीलकरी. शाहिराने कडवं टिपेला नेऊन सोडलं की झीलकऱ्यांनी ‘जी जी’ म्हणत ते वरच्यावर झेलायचं, तेवढ्यात शाहीर श्वास घेतो. विजेची गरज कशालाच नाही, म्हणून गिरणीच्या दारात, चाळीच्या चौकात, शेतकरी परिषदेच्या मांडवात, कुठेही उभं राहता यायचं.

अण्णाभाऊंनी मोठा बदल केला तो तमाशाच्या रचनेत. परंपरेने तमाशा गणाने उघडतो, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. त्यांनी गणातून गणपती काढला आणि मातृभूमीला, हुतात्म्यांना, श्रमाला वंदन आणलं. कृष्ण आणि गवळणींना रजा दिली. वगातला राजा-प्रधान जाऊन तिथे सावकार, शेठजी, निवडणुकीतला पुढारी आला. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेठजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ ही नावंच पुरेशी बोलकी आहेत. सोंगाड्या मात्र ठेवला, कारण त्याच्याशिवाय माणसं बसत नाहीत, आणि हे पक्षाच्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं. हे फडात शिकलेलं शहाणपण. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, पथकाच्याही कार्यक्रमांवर गदा आली. मग तमाशाचं ‘लोकनाट्य’ झालं. आज विद्यापीठांत हा शब्द मोठ्या आदराने शिकवतात. त्याच्या प्रसाराला पोलिसांचाही हातभार लागला, असं म्हणायला हरकत नाही.

अमळनेरच्या पोवाड्याकडे या सगळ्याच्या उजेडात पाहिलं पाहिजे. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या कामगाराला दुसऱ्या गावच्या गिरणीत काय घडलं, हे कळणार कसं? पोवाड्यातून. स्टालिनग्राडची लढाई, बंगालचा दुष्काळ, तेलंगणाचा लढा आणि अमळनेरचा गोळीबार, हे सगळं एकाच डफावर. शिवाजी-तानाजींसाठी घडलेला साचा त्यांनी खान्देशातल्या साच्यावरच्या कामगाराला दिला, हे मला त्यांचं सर्वांत मोठं धाडस वाटतं. योगायोग असा की शाहीर कृष्णराव साबळे हे साताऱ्याकडच्या पसरणीचे असले तरी शाळेसाठी याच अमळनेरात आजीकडे राहिले आणि साने गुरुजींच्या सहवासात आले. त्यांची वाट पुढे वेगळी झाली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी मैदानं गाजवली. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णाभाऊंची छक्कड तेव्हाची. गावी राहिलेल्या बायकोचा विरह गाता गाता मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणारा मुलूख होऊन जातो. 1 मे 1960 ला राज्य झालं, मुंबई मिळाली. पण नरडाण्याच्या पश्चिमेला याच रेल्वेमार्गावर नंदुरबार-नवापूर ओलांडलं की उच्छल लागतं, ते गुजरातेत. पश्चिम खान्देशातली निझर-उच्छलकडची गावं त्या वाटणीत तिकडे गेली.

18 जुलै 1969 ला अण्णाभाऊ गेले, हलाखीत. 29 ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. दोघांत सहा आठवड्यांचं अंतर. अण्णाभाऊंचं टपाल तिकीट 2002 मध्ये निघालं, 2022 मध्ये मॉस्कोच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. अनावरणाला महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री गेले होते. ज्यांच्या खेळांवर सरकारने बंदी घातली, त्यांच्यासाठी सरकार रशियाला गेलं. अमर शेखांची आठवण निघते ती बरेचदा लेखिका मल्लिका अमर शेख यांचे वडील म्हणून. आणि गव्हाणकर? पथकावरच्या बहुतेक लेखांत त्यांच्या वाट्याला ‘व गव्हाणकर’ एवढेच दोन शब्द येतात. माझ्याही या लेखात त्यांना त्याहून फारसं जास्त मिळालेलं नाही. तिसऱ्या शाहिराचं चरित्र कुणीतरी नेटाने लिहायला हवं.