चौदाशे टक्के म्हणजे किती रुपये?

आज जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे आणि सळईच्या भावाकडे वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. शहागंजातल्या एका वाचकांचा प्रश्न आलाय आणि तो बाजूला ठेवून पुढे जाववत नाही. त्यांचं किराण्याचं दुकान आहे, मुलगा वाळूजला नोकरीला. ओळखीची कंपनी म्हणून बजाज ऑटोचे थोडे शेअर घेतले. ते विचारतात, "1400 टक्के लाभांश जाहीर झाल्याचं वाचलं होतं. मग खात्यात एवढेच पैसे कसे जमा झाले?"

कारण ही टक्केवारी शेअरच्या दर्शनी किमतीवर काढतात, बाजारभावावर नाही. बजाज ऑटोची दर्शनी किंमत 10 रुपये. 2022-23 साठी कंपनीनं शेअरमागे 140 रुपये दिले, ते झाले 1400 टक्के. मार्च 2023 अखेर शेअरचा भाव चार हजारांच्या जरासा खाली होता. त्या भावानं घेणाऱ्याला पडला साडेतीन टक्क्यांच्या आसपास परतावा. त्याच वर्षी हीरो मोटोकॉर्पनं 100 रुपये दिले. तिथं दर्शनी किंमत 2 रुपये, म्हणून लाभांश 5000 टक्के! रुपये कमी आणि टक्के साडेतीनपट. ही टक्केवारी मथळ्यात छापणं बंद व्हावं, असं माझं ठाम मत आहे. त्यात 1 एप्रिल 2020 पासून लाभांश आपल्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला 140 मधले 98 रुपये उरतात, उपकर वेगळा.

मग बघायचं काय? शेअरमागे नफा किती आणि त्यातला वाटला किती. 2022-23 मध्ये बजाज ऑटोचा शेअरमागे नफा दोनशेच्या आसपास होता, वाटले 140. पुढच्या वर्षी नफा 5,628 कोटींवरून 7,479 कोटींवर गेला, पण लाभांश 80 रुपयांवर आला. नुसता लाभांशाचा रकाना बघणारा घाबरून शेअर विकून मोकळा झाला असता. प्रत्यक्षात कंपनीनं त्याच वर्षी 10,000 रुपये भावानं 4,000 कोटींचे स्वतःचेच शेअर परत विकत घेतले होते. पैसा भागधारकांकडेच गेला, वाट तेवढी वेगळी. 2024-25 ला लाभांश 210 रुपये झाला.

आता उलटं उदाहरण, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स जिच्या पोटात आहे, ती कोल इंडिया. जानेवारी 2014 मध्ये तिनं शेअरमागे 29 रुपये जाहीर केले. भाव तेव्हा तीनशेच्या आत, म्हणजे दहा टक्के परतावा. कुणालाही मोह पडावा असाच आकडा. पण त्या वर्षी शेअरमागे नफा होता 24 रुपयांच्या आत. कमावले त्यापेक्षा जास्त वाटले, साठवणीतले काढून. सरकारकडे तेव्हा 90 टक्के हिस्सा होता, तेव्हा मोठा वाटा कुणाकडे गेला हे सांगायला नको. 2019-20 ला लाभांश 12 रुपयांवर आला आणि ऑक्टोबर 2020 मध्ये भाव सव्वाशेच्याही खाली गेला. नंतर जगभर कोळसा महागला, लिलावातले दर चढले आणि 2022-23 ला लाभांश पुन्हा 24 रुपयांवर गेला.

चक्राकार धंद्यात परताव्याचा आकडा असा फसवतो. चढत्या काळातला लाभांश आणि उतरलेला भाव यांचा भागाकार केला की उत्तर हमखास गोड येतं. त्यात लाभांश गेल्या वर्षीचा असतो आणि भाव मात्र पुढच्या वर्षाचा अंदाज बांधून खाली आलेला. म्हणून शहागंजच्या वाचकांना सांगेन, एका वर्षाचा भागाकार करू नका. कंपनीच्या वार्षिक अहवालांतून दहा वर्षांचा शेअरमागे नफा आणि शेअरमागे लाभांश शेजारी शेजारी लिहून काढा. त्यातलं नफ्याचं सगळ्यात वाईट वर्ष शोधा आणि त्या वर्षी कंपनीनं किती वाटले ते बघा. आजच्या भावाला त्या रकमेचा परतावा काढा. तो पटला, तर पुढचा विचार.

पुढच्या आठवड्यात जालना नक्की. तोवर बांधकामाची सळई घेणारं कुणी ओळखीचं असेल, तर गेल्या दोन-तीन वर्षांतल्या पावत्यांवरचे भाव विचारून ठेवा. हिशेबाला लागतील.